नानांची रेंज

नाना गावी येतात ते शांततेसाठी. असं ते स्वतःच सांगतात. कोकणकन्येतून उतरल्यावर आधी रिक्षावाल्याला, मग नाक्यावरच्या दुकानदाराला, मग मला. मला सांगून होतं न होतं तोच आवाज खाली आणून विचारतात, "काय रे, वाडीत आता नेट कसं आहे?"

शिमगा आटोपला की यायचं आणि मृगाच्या तोंडावर परत फिरायचं, असा हा निवृत्त चाकरमानी. कुडाळच्या आसपास कुठल्याही वाडीत गेलात तरी असा एक नाना निघतोच. डोंबिवलीत ब्लॉक, पुण्यात मुलगा आणि इथे वर्षातले आठ महिने कुलपात असलेलं नळ्यांचं घर. पूर्वी असं घर उघडलं की माणूस वाळवी कुठवर चढली ते बघायचा, विहिरीत डोकवायचा, देवापुढे दिवा लावायचा. नाना बॅग पायरीवर ठेवतात, मोबाइल डोक्याच्या वर धरतात आणि खळ्याला प्रदक्षिणा घालतात. तुळशीपाशी एक काडी येते आणि लाजून परत जाते. पुऱ्या काड्या हव्या असतील तर सड्यावर, वडाच्या बुंध्याशी. नानांच्या मते आजोबांची घराची जागाच चुकली.

"मला स्वतःला काही लागत नाही रे. पण मुलगा म्हणतो, नेट असेल तर मे महिनाभर इथूनच ऑफिस करीन. शिवाय हिच्या मालिका." काकी तेव्हा मागच्या पडवीत काजूच्या बिया वाळत घालत असतात आणि त्यांनी मालिकांचं नाव काढलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आयपीएलचं वेळापत्रक मात्र नानांच्या बनियनच्या खिशात असतं.

मग अर्ज. आधार डोंबिवलीचं. इथल्या पत्त्याला पुरावा म्हणजे विजेचं बिल, ते आजोबांच्या नावावर, आणि आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. सातबारा काढावा तर त्यावर सदतीस नावं, त्यात नाना एकोणतिसावे. डोक्यावर छत्री धरून, सड्यावर उभे राहून नाना फोनवरच्या मुलीला वंशावळ सांगत होते. शेवटी तिने 'ग्राहकाशी नातं' एवढंच विचारलं, तेव्हा ते गहिवरून म्हणाले, "मी थोरला नातू."

अर्ज मंजूर झाला. उरला नेटवाला पोरगा. तो फोनवर "येतंय" म्हणतो. या शब्दात दिवस, वार, वेळ काहीही नसतं. माणूस या जगात आहे आणि त्याचा तुमच्यावर राग नाही, एवढंच त्यातून कळतं. मे महिन्यात सगळ्या वाड्यांतले नाना एकदम जागे होतात, आणि हा दिवसभर खांबावर व रात्री भजनात पखवाजावर. पाचव्या दिवशी तो आला, आल्या आल्या वर बघितलं आणि म्हणाला, "नानानू, वायर आंब्यावरसून काढूक लागतली."

आंबा! इथे खरी गोष्ट सुरू होते. रस्त्यावरचा खांब आणि नानांचं घर यांच्या मधोमध एक रायवळ आंबा उभा आहे. तो नानांचा की त्यांच्या चुलतभावाचा, आबांचा, हा दावा कोर्टात एकोणीस वर्षं चालू आहे. तितकीच वर्षं दोघांत बोलणं नाही. परवानगी मागावी तर आंबा आबांचा असं कबूल केल्यासारखं, आणि न मागावी तर आबांच्या घरी कोयता आहे. नानांनी मला मधे घातलं. मी गेलो. आबा सुपारी कातरत म्हणाले, "वायर जाऊंदे रे. पण आंबो कोणाचो, ता नानान आपल्या तोंडान सांगूचा." नानांनी रात्रभर जागून कागद लिहिला: 'वादग्रस्त झाडावरून, आमचा हक्क अबाधित राखून, तात्पुरती तार.' तो आबांनी वाचला नाही. चष्मा सापडत नव्हता म्हणून "बरा, बरा" म्हणाले. वायर गेली.

पोरग्याने ओटीवर टॉवेल पसरून पिशवीतून यंत्र काढलं. केसाएवढी काचेची दोन टोकं स्पिरिटने पुसली, कापली, समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती जाड सळयांसारखी दिसत होती. एक ठिणगी, आणि सांधा गायब. "यातून वीज नाही, नुसता उजेड जातो," नाना जमलेल्या मुलांना सांगू लागले. ही माहिती त्यांना दहा मिनिटांपूर्वी मिळाली होती.

आता फक्त ओटीपी. तो येणार नानांच्या मोबाइलवर, म्हणजे सड्यावर. नाना घाटी चढून गेले. पोरगा घरात लॅपटॉप धरून. वरून नाना ओरडले, "चार! सात!" वारा असा की खाली नुसतं "आआ!" पोचे. तेवढ्यात मधल्या खळ्यात आरामखुर्चीत पडलेल्या आबांनी, कोणी न सांगता, डोळे न उघडता, आकडे पुढे फेकायला सुरुवात केली. पहिला ओटीपी वाटेतच वारला. दुसऱ्या वेळी सगळं नीट चाललं होतं, पण शेवटी आबा ओरडले, "दहा!"

"ओटीपीत दहा कसो येतलो?" पोरगा खेकसला.

"सहा रे, सहा!" वरून नाना. "सहा म्हणतो तो," खालून आबा. एकोणीस वर्षांनी दोघांतलं पहिलं संभाषण ते हेच.

हिरवे दिवे लागले. बॉक्स आजोबांच्या तसबिरीखालच्या फळीवर बसला. नाही तरी बिल त्यांच्याच नावावर. भिंती दीड हात जाडीच्या, त्यामुळे वायफाय ओटीवर ऐटीत आणि माजघरात अडखळत. "पाच गिगाहर्ट्झ उंबरठ्यावर मरतं, दोन पूर्णांक चार कसंबसं आत येतं," हे नाना चहाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. चहाला येणारे अर्थातच वाढले. मुलगा मात्र आला नाही. ऑफिसने कचेरीतच बोलावलं म्हणे.

मेच्या अखेरीस वळीव आला. ढग गडगडले की आमच्याकडे पोरंसुद्धा प्लग काढतात. नानांनी काढला नाही. काचेतून वीज जात नाही, यावर त्यांची श्रद्धा. काचेतून नाहीच आली. भिंतीतल्या प्लगातून आली आणि बॉक्स घेऊन गेली. नवा बसेपर्यंत मृग दारात.

रिचार्ज सहा महिन्यांचा, राहणं तीन महिन्यांचं. "बाकीचं फुकट का घालवा?" असं म्हणून नानांनी जाता जाता खळ्यावर कॅमेरा बसवला. मग डोंबिवलीत बसून रिकाम्या खळ्यावर पडणारा पाऊस बघू लागले. जुलैत पडदा काळा झाला. बॉक्स बंद करून चालू करायला माणूस हवा. किल्ली माझ्याकडे होती, पण दुथडी भरलेला व्हाळ ओलांडून रोज कोण जाणार? ती आबांकडे द्यावी, असं मी सुचवलं. हो म्हणायला नानांना नऊ दिवस लागले.

गणपतीला आले तेव्हा आरतीच्या आधीच त्यांनी मला मोबाइलवर ते चित्रीकरण दाखवलं. कॅमेऱ्याला नाक लावून आबा उभे, डोक्यावर इरलं, मागे धो धो पाऊस. "लाल दिवो गेलो, नाना. आता दिसता मां? आणि आयक, आंबो माझोच आसा."

नानांनी ते पुन्हा लावलं. आवाज वाढवला.

"बघ," ते म्हणाले, "एवढ्या पावसात आवाज किती स्वच्छ येतो."