चूक कुणाची, तेवढं सांगा!

निपाणीत मोटारसायकल घसरली तर चहा निवायच्या आत तिची चौकशी पुरी होते. विमानाला जरा जास्त वेळ लागतो, कारण ते इथं उतरत नाही. पाऊणशे किलोमीटरवर, बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरतं. निदान उतरावं अशी अपेक्षा असते.

३० मे २०२३ च्या सकाळी सांबऱ्याहून उडालेलं एक लहानसं प्रशिक्षण विमान जवळच्याच होन्निहाळच्या शेतात उतरलं. आतले दोघे किरकोळ जखमांवर बचावले. कारण काय, तर 'तांत्रिक बिघाड'. एवढ्या दोन शब्दांवर आमच्या कट्ट्याचं पोट भरत नाही.

"पेट्रोल सरलं असणार," तळहातावरच्या तंबाखूला चुना लावत आण्णा म्हणाले. सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेल्यामुळं माल कुठं कमी पडला, हे त्यांना आधी दिसतं.

"तसं न्हाई," मामा म्हणाले. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. "न्यूट्रल मारली असणार. तवंदी घाटात मारत्यात न्हवं, डिझेल वाचवाय?"

मी म्हटलं, "मामा, तसं बघितलं तर ते न्यूट्रलवरच उतरतं. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. असलं लहान विमान हजार फुटांवरून अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकतं."

"मग परत फिरवायचं की सांबऱ्याला!"

इथं मी आण्णांची चुन्याची डबी मागून घेतली, बाकाची कड धावपट्टी धरली आणि डबी उडवून दाखवली. उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर वळायचं नाही, हे वैमानिकाला घोकून घोकून शिकवलेलं असतं. वळणात उंची जाते, विमान तिरकं झाल्यावर तोलून धरायला वेग जास्त लागतो, आणि तोच हाताशी नसतो. मग पंखाखालचा आधार सुटतो आणि विमान खरोखरच दगड होतं. म्हणून नाकासमोर दिसेल ते मोकळं रान धरायचं. मे महिन्याच्या अखेरीला आमच्याकडची बरीच रानं नांगरून, कुळवून वळवाची वाट बघत असतात. उभ्या उसात उतरायची पाळी आली असती तर विमान हुडकायलाच ऊसतोडीची टोळी लावावी लागली असती.

डबी परत घेऊन किती चुना सांडला ते आण्णांनी आधी तपासलं. मग म्हणाले, "आणि ते हैदराबादचं? त्याचं तर इंजिन चालू हुतं!"

हा मुद्दा बिनतोड होता. २४ ऑक्टोबर २०२१ ला हैदराबादहून आलेल्या प्रवासी विमानाला सांबऱ्याच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायची परवानगी होती. ते उतरलं ०८ वर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण दोघा वैमानिकांना ड्यूटीवरून बाजूला काढलं.

"दोन पट्ट्या हायत व्हय तिथं?"

"एकच. दिशेचे अंश जवळच्या दहाला आणून शेवटचं शून्य गाळायचं. पश्चिमेकडं तोंड करून उतरलं तर २६, पूर्वेकडं तोंड करून उतरलं तर ०८."

मला वाटलं, हे समजवायला आणखी एक चहा लागेल. पण जमीन एकच, आणि या टोकानं तिला एक म्हणतात, त्या टोकानं दुसरं, याचा सराव आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला १९५६ पासून आहे. मामांनी फक्त मान हलवली. "म्हंजे राँग साइडनं आला. समोरनं दुसरं इमान सुटलं असतं तर?"

म्हणूनच चौकशी झाली. आणि इथं मी नको ते बोलून गेलो. म्हटलं, विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की दोष कुणाच्या माथी मारायचा हा तिचा हेतू नसतो. पुन्हा तसं होऊ नये, एवढाच असतो. वारा, यंत्र, माणसानं मनात धरून ठेवलेली दिशा, रेडिओवर नीट न ऐकलेला आकडा, अशा चार बारीक गोष्टी एका रांगेत येतात तेव्हा विमान चुकतं.

कट्टा गप्प. आण्णा चोळायचं थांबले.

"म्हंजे चूक कुणाची, ते सांगतच न्हाईत?"

"नाही."

"मग चौकशी कशाला म्हणायची तिला?" आण्णा उखडले. "दोष कुणाचा हे ठरवायचं न्हाई, तर भावाभावांनी भांडायचं कशावरनं?"

मामांनी समजुतीनं घेतलं. "ते ऱ्हाऊ दे. होन्निहाळात इमान नेमकं कुणाच्या रानात उतरलं? चाक बांधाच्या ह्या अंगाला हुतं का त्या अंगाला?"

कट्टा पुन्हा सुरळीत सुरू झाला. कुणी म्हणालं पंचनामा, कुणी म्हणालं मोजणी आणा. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्या हिशेबानं या बांधाचा निकाल आण्णांच्या नातवाला तरी ऐकायला मिळावा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.