चॅटमधल्या ताईंस, अंजूरहून

ग्राहकसेवेच्या चॅटमध्ये राहणाऱ्या ताईंस,

स. न. वि. वि.

मायन्यात काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्या. तुम्ही बाई आहात की बॉट, याचा निकाल बराच वेळ लागत नव्हता. कंपनीने तुम्हाला छानसं नाव दिलंय, फोटोत कानाला हेडफोन लावलाय आणि समोरच्याने काहीही लिहिलं तरी ‘तुमची गैरसोय मी समजू शकते’ असं म्हणायला शिकवलंय. मी मध्येच नुसतं ‘हं’ लिहिलं, तर तीही गैरसोय तुम्ही समजून घेतलीत. इतकं समजून घेणारं कोणी आमच्या भिवंडी तालुक्यात तरी नाही. कंपनीचं नाव मात्र इथे लिहीत नाही. ग्राहकसेवेला बॉट चालतो, वकील प्रत्येक कंपनी खराखुरा ठेवते.

तर हकिकत अशी. गौरीपूजनाचा दिवस. घरात पाहुण्यांची वर्दळ, खालची टाकी काठोकाठ, वीज चालू, मोटर ठणठणीत आणि गच्चीवरची टाकी कोरडी. मी ठाण्याहून फुलं घेऊन येताना कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या मागे अडकलेलो. आईचा फोन आला, मोटर लागत नाहीये. मनात म्हटलं, हाच तो क्षण! याच क्षणासाठी तुमच्या कंपनीचा तो पांढरा वाय-फाय डबा घेतला होता. जगात कुठूनही मोटर चालू करा, अशी जाहिरात होती. कशेळीचा पूल जगातच येतो, असा माझा समज.

अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप म्हणालं, आधी अपडेट. झालं. म्हणालं, पुन्हा लॉगिन. ओटीपी आला, टाकला. म्हणालं, आमच्या अटी बदलल्यात, मान्य करा. केल्या. मागून हॉर्न वाजत असताना पाण्याच्या मोटरचा करारनामा वाचणारा माणूस मला दाखवा. मग कॉन्टॅक्ट हवेत, माइक हवा, लोकेशन हवं. मोटरला माझ्या मामाचा नंबर कशाला? तोही दिला. सगळं घेऊन झाल्यावर अ‍ॅपने सांगितलं की सुरक्षिततेसाठी डिव्हाइस नव्याने जोडावं लागेल, तरी कृपया फोन घेऊन डिव्हाइसपासून दोन मीटरच्या आत उभे राहा.

ताई, लांबून चालावी म्हणून घेतलेली वस्तू आहे हो ती.

इथे तुम्ही अवतरलात. म्हणालात, राउटर बंद करून चालू करा. हा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय ओळखतो, नवे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने सोडतात आणि जोडणी करताना फोन एकीकडे, डबा दुसरीकडे असा घोळ होतो, हे मला ठाऊक आहे. मी हौशी माणूस. नवीन काही बाजारात आलं की हात शिवशिवतात. गावात कोणाचा टीव्ही इंटरनेटला लागेना की मलाच हाक मारतात. पण घरी मी नव्हतो, आई होती. तुम्ही सांगितलंत, डब्याच्या खालच्या भोकात पिन घालून दिवा केशरी होईपर्यंत दाबून धरा. मी ते फोनवरून तिला सांगितलं. नवी साडी नेसलेली बाई पदराची टाचणी काढून मोटरच्या खोपटात गुडघ्यांवर बसली. एका हातात फोन, दुसऱ्यात टाचणी. दिवा निळा झाला. केशरी होईना. पुन्हा निळा झाला, लुकलुकला आणि विझला. तिने एकच विचारलं, ‘अरे, याला बटण का नाही?’

याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, ‘तुमची गैरसोय मी समजू शकते’ म्हणालात. म्हणून उत्तर मीच देतो.

जुन्या स्टार्टरला दोन बटणं होती. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. रेंज नसली तरी चालायचं, चष्मा सापडला नाही तरी चालायचं, स्टार्टर बनवणारा कारखाना बंद पडला तरी चालायचं. असं बटण या डब्याला बसवणं अवघड नाही. पण बसवलं तर माणूस अ‍ॅप कशाला उघडेल? आणि अ‍ॅपच उघडलं नाही तर अटी, जाहिराती आणि ‘प्रीमियम’ योजना दाखवायच्या कोणाला? डबा घेतला तेव्हा टायमर फुकट होता. अपडेटनंतर त्याच्यावर कुलपाचं चित्र आलंय आणि खाली महिन्याचं भाडं. पंगतीला बसवून, वरणभात वाढून झाल्यावर पत्रावळीचे पैसे मागावेत तसं. मोटर माझी, वीज माझी, पाणी माझं, डबाही रोख पैसे मोजून घेतलेला, आणि माझ्या घरात पाणी चढवायचं की नाही हे तुमचा सर्व्हर ठरवणार? याला सेवा म्हणत नाहीत. खंडणी म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला गंडवणाऱ्या १३ ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढली. सक्तीने माहिती उकळणं त्यात आहे, पुन्हापुन्हा टोचत राहणं आहे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणंही आहे. तुमच्या कंपनीने ती यादी सूचनापुस्तिका म्हणून वाचलेली दिसते.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली उपकरणं जोडणारा हब मिळायचा, सुमारे ३०० डॉलरचा. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून टाकला. लोकांच्या घरातले धडधाकट हब त्या दिवसापासून पेपरवेट झाले. २०२५च्या नरकचतुर्दशीला, २० ऑक्टोबरला, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरांनी मान टाकली, तेव्हा तिकडे इंटरनेटवर चालणाऱ्या महागड्या गाद्यासुद्धा बिघडल्या. गादी, ताई! झोपायची गादी! तिलाही विचारावं लागतं, आडवा होऊ का?

बाकीच्या तक्रारी लांबवत नाही. टीव्ही बातम्यांआधी साबण दाखवतो. फोनच्या पडद्यावर अपडेटच्या दुसऱ्या दिवशी उभी हिरवी रेघ उमटली. कानातले इअरफोन भर फोनवर ‘बॅटरी लो’ असं माझ्याच कानात ओरडतात. हे सगळं सोसतो, कारण त्यावाचून घरातली भांडी अडून राहत नाहीत.

बिघडलेल्या डब्याच्या बदली तुम्ही नंतर पाठवलेल्या नव्या डब्याचं मात्र सांगायलाच हवं. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर म्हणून आमच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांतून गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच गेली. भाताची शेतं पत्र्याखाली गेली. देशभरातल्या घरांत जाणारे फोन, टीव्ही, फ्रिज आमच्या अंजूरफाट्याच्या कोंडीतून जातात, आणि ती कोंडी आम्ही रोज खातो. माझ्या पार्सलचा माग काढला, तर ते आमच्या गच्चीवरून पत्रा दिसतो त्या गोदामात निघालं. तिथून ते नवी मुंबईला गेलं, परत भिवंडीत आलं आणि शेरा पडला, ‘पत्ता सापडत नाही’. याच अंजूरच्या गंगाजी नाईकांनी फिरंग्यांच्या जाचाचं गाऱ्हाणं पुण्यात पेशव्यांपुढे मांडलं होतं. पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. बाजीरावांच्या काळात अंजूर सापडत होतं, आता उपग्रहालाही सापडेना.

पण मूळ गोष्ट राहिली. गौरीपूजनाच्या त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला पुन्हा गाठलं. भांडायचंच होतं. काय काय लिहिलं ते तुम्ही वाचलंयच. आणि अचानक तुमची भाषा बदलली. ‘समजू शकते’ गेलं, घाईघाईत टाइप केलेलं आलं. ‘सर प्लीज रागावू नका. माझ्या स्क्रीनवर रीसेट सांगा आणि तिकीट काढा एवढंच आहे. तिसरं बटण मलापण नाही.’ मग थोडं थांबून, ‘सर पाच स्टार द्याल का? कमी आले की पैसे कापतात.’

मध्यरात्र उलटून गेली होती. एकाच वेळी अनेक खिडक्यांतून अनेक चिडलेले लोक तुमच्यावर ओरडत असणार, त्यातला एक मी. अटी बदलणारा, टायमरला कुलूप लावणारा, डब्यावरून बटण काढून टाकणारा त्या वेळी निवांत घोरत असणार, आणि त्याला कोणी तारे देत नाही, कापतही नाही. तुमच्या मागे लपून तो आमच्याशी बोलतो. आमच्या शिव्या तुमच्या खात्यात जमा होतात, पैसे त्याच्या. सण तुमच्याही घरी असेल. गौरी कोणी मांडल्या, हे विचारायचं राहून गेलं.

पाच तारे दिले आहेत. ‘इतर सूचना’च्या चौकटीत लिहिलंय की तारे ताईंना आहेत, कंपनीने त्यावर हक्क सांगू नये. कंपनीला शून्य द्यायचं होतं, पण फॉर्ममध्ये एकाच्या खाली जाता येत नाही.

जुना स्टार्टर माळ्यावरून काढून वायरमनने पुन्हा बसवून दिलाय. तुमचा डबा बिलासकट पिशवीत बांधून ठेवलाय, कुरिअरवाल्याला आमचं घर सापडेल त्या दिवशी घेऊन जावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, रीतसर तक्रार नोंदवली आहे. तिचा नंबर मी आपल्या चॅटमध्ये टाकतोय. तुमच्या साहेबांना पाठवता येत नसेल तर निदान तिकीट काढा.

आपला,
पाणी चढलेला एक ग्राहक
अंजूर, ता. भिवंडी