बहार धरा, फॉर्म भरा

डिसेंबरात पाचोड शिवारातल्या मोसंबीच्या बागा आंबिया बहारासाठी ताणावर सोडलेल्या असतात. त्याच सुमारास गावातला आमचा वेब डेव्हलपर माडीवर बसून सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरत असतो. वर्षभरात काय दिवे लावले ते आपणच लिहायचं, आपणच आपल्याला गुण द्यायचे, मग ते साहेबाने कमी करायचे, अशी ही रीत. करोनात तो गावी आला आणि राहिला. कंपनी पुण्यात, क्लायंट अमेरिकेत आणि लाइट महावितरणच्या हातात, असा त्याचा संसार आहे.

फॉर्मचा पहिला रकाना कामगिरीचा. जानेवारीत त्याने एका साइटवरचं निळं बटण हिरवं केलं. फॉर्ममध्ये लिहिलं, ‘ग्राहकाच्या डिजिटल वाटचालीला निर्णायक वळण दिलं.’ मार्चमध्ये क्लायंटला हिरवा रंग आवडेनासा झाला आणि बटण पुन्हा निळं झालं. तेही लिहिलं, ‘बदलत्या गरजांना तत्पर प्रतिसाद दिला.’ एका बटणात दोन पराक्रम बसवणं ही कला आमच्याकडे आजवर फक्त पुढाऱ्यांनाच साधली होती, एकाच रस्त्याचं दोनदा भूमिपूजन करून. मध्ये एकदा लाइट गेली आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचा चेहरा पडद्यावर गोठला. ‘संयमी श्रोता’ हा शेरा त्याला त्याच दिवशीचा मिळालेला आहे.

दुसरा रकाना : नवीन काय शिकलात? हा रकाना या धंद्यात कधीच रिकामा राहत नाही. २००६ साली जेक्वेरी आली, २०१०ला अँग्युलरजेएस, २०१३ला फेसबुकचं रिअ‍ॅक्ट, २०१४ला व्ह्यू. २०१६मध्ये अँग्युलर मुळापासून नव्याने लिहिलं गेलं आणि जुनं शिकलेल्यांना कळलं, की ओळखीचं फक्त नाव उरलंय. मोसंबीचं कलम लावल्यावर नीट फळ हाती यायला साधारण पाच वर्षं जातात. तेवढ्यात इकडे एक बाग लावून, वाढवून, उपटूनसुद्धा होते. बरं, पोट कशावर भरतं? तर १९९५च्या पीएचपीवर आणि २००३च्या वर्डप्रेसवर. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट आजही वर्डप्रेसवर चालतात. पण रेझ्युमेत ते लिहायचं म्हटलं की आमचा गडी लाजतो.

तिसरा रकाना : पुढील वर्षाची उद्दिष्टं. इथे आपलं भविष्य आपल्या हातात आहे असं समजून लिहायचं असतं. २०१६च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरने रागाच्या भरात आपला अकरा ओळींचा कोड सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभरातली हजारो कामं अडली. कोण कुठला तो माणूस, आणि कोणाकोणाच्या डेडलाइन त्याच्या रुसव्यावर टांगलेल्या! तरीही उद्दिष्ट स्पष्ट आणि मोजता येण्याजोगं हवं, असा नियम आहे. म्हणून त्याने लिहिलं, ‘एआयने नोकरी घेऊ नये यासाठी एआय शिकणे.’ वाक्य अर्थात एआयकडूनच घोटून घेतलं. साहेबाने ते तपासायला एआयकडे दिलं. एआयने ‘उद्दिष्ट महत्त्वाकांक्षी आहे’ असा शेरा मारला. या सगळ्या व्यवहारात माणसाकडून एकच काम झालं : लॉगिन करताना ‘मी रोबो नाही’ या चौकटीत टिचकी मारणं.

हसावं तरी किती? २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांनीही आपापले फॉर्म मन लावून भरले असणार.

शेवटचा रकाना मात्र त्याला अडला : पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? घरात पाच वर्षांचा हिशेब करणारा माणूस एकच, म्हणून तो खाली बागेत गेला.

“आबा, पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल?”

“बांधावर.”

“आणि बाग?”

“पाऊस पडला तर राहील. २०१२चा दुष्काळ इसरला का? टँकरनं पाणी घातलं तरी वाळली. तोडून सरपण केलं.”

“मग परत मोसंबीच का लावली?”

“तू का दरसाली नवं शिकायलास?”

फॉर्ममध्ये ‘बांधावर’ असा पर्याय नव्हता. त्याने ‘सीनियर आर्किटेक्ट’ निवडलं.

माझं मत विचाराल तर आबांचा धंदा जास्त पद्धतशीर आहे. मोसंबीला मृग आणि आंबिया अशा दोन्ही बहारांचा विमा निघतो. पैसे मिळणं-न मिळणं नशिबाचं, पण पाऊस किती, ऊन किती, याचे निकष तरी ठरलेले असतात. डेव्हलपरचा पाऊस क्लायंटच्या मनात पडतो आणि तो मोजायचं यंत्र कुठल्याच महसूल मंडळात बसवलेलं नाही.

परवा आबांचा एक अर्ज ऑनलाइन भरायचा होता. कोणत्या खात्याचा ते सांगत नाही, खातं मनाला लावून घेईल. सगळे रकाने भरून झाले की साइट पुन्हा पहिलं पान दाखवायची. दुपार तशीच गेली. शेवटी आबा म्हणाले, “ही बनवणाऱ्यानं बी तुझ्यावानीच फॉर्म भरला असंल का रं?”

“भरला असेल की.”

“काय लिवलं असंल त्यानं?”

डेव्हलपरला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

“लिहिलं असेल, शेतकरी आता साइटवर आधीपेक्षा तिप्पट वेळ रमतात.”