कांदाचाळीतला पंक आणि मार्गदर्शकाची श्रेयनामावली

पंक हा संगीतप्रकार परवानगी या गोष्टीला वैतागून जन्माला आला आणि विद्यार्थ्यांचे चित्रीकरण परवानगीवाचून सुरूच होत नाही, या दोन सत्यांच्या कचाट्यात नगर जिल्ह्यातील एका पंक बँडच्या दृश्यगीताची, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या शब्दात म्युझिक व्हिडिओची, सगळी हकिकत सापडलेली आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील चार तरुणांनी १९७४ साली ‘रमोन्स’ हा बँड काढला आणि १९७६ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत उरकली. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ने थेम्स नदीत भाड्याच्या बोटीवर गाणी वाजवली आणि पोलिसांनी बोट धक्क्याला लावून धरपकड केली. गिटारवर तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांचे तीन गट, वाजवता आले की बँड काढायला हरकत नाही, असे या पंथाचे साधारण मत असून त्यातील तिसऱ्या कॉर्डबाबत नगरच्या मुलांनी स्वतःच्या अधिकारात सवलत घेतलेली होती. बँडचे नाव येथे देता येत नाही, कारण ते घरात मोठ्याने वाचण्याजोगे नाही. परवानगीच्या अर्जांवर मात्र ते ‘सांस्कृतिक कलामंच’ असे पडत असे.

या उपक्रमाचा मार्गदर्शक म्हणून प्रस्तुत लेखकाची नेमणूक झाली. तो तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके मानधन आणि तेही येईल तेव्हा, या तत्त्वावर दृश्यमाध्यम शिकवीत असे आणि त्यामुळे आपल्यातील दिग्दर्शकावर फार पूर्वीपासून अन्याय होत असल्याचे त्याचे निदान होते. नगरमध्ये हा आजार साथीसारखा आहे. येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने राष्ट्रीय पुरस्कार मिळवल्यापासून आणि भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकल्याची गोष्ट तालुक्या-तालुक्यांत पोचल्यापासून, जिल्ह्यात ज्याच्या हाती कॅमेरा आहे तो मनातल्या मनात पुरस्काराच्या भाषणाचा कच्चा मसुदा बाळगून असतो. प्रस्तुत लेखकाकडे विकायला जमीन नव्हती. भाषण मात्र तयार होते.

गाणे एक मिनिट पन्नास सेकंदांचे होते. त्यासाठी लेखकाने जो स्टोरीबोर्ड केला, म्हणजे प्रत्येक शॉट आधी चौकटीत रेखाटून ठेवण्याची जी पद्धत आहे ती अवलंबून जे बाड तयार केले, ते नुसते उलटायलाही गाण्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. त्यातील बहुतेक चौकटी संथगतीच्या होत्या. संथगती हवी आणि ओठही शब्दांशी जुळायला हवेत, अशी दुहेरी हौस असेल तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात आणि सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम टिपतात. नंतर तेच दृश्य २५ च्या गतीने दाखवले की ओठ गाण्याबरोबर चालतात आणि केस तेवढे सावकाश उडतात. भावगीताला हा हिशेब उत्तम लागू पडतो. पंकचे गाणे मुळातच सेकंदाला तीन ठोक्यांनी धावत असल्यामुळे त्याची दुप्पट करताच गायक मुलाने माइक खाली ठेवला आणि “सर, एवढ्या स्पीडनी तर आमच्याकडं लिलाववालापण बोलत नाही,” असे सांगितले. कांद्याच्या लिलावाचा हा दाखला त्या वेळी विनोद म्हणूनच घेण्यात आला.

स्थळांच्या बाबतीत लेखकाची महत्त्वाकांक्षा ऐतिहासिक होती. भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी १९४२ ते १९४५ या काळातील बंदिवासात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, तेव्हा बंडखोर गाण्याला याहून योग्य पार्श्वभूमी कोणती, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो. मग शहा डोंगरावरचा चांदबिबीचा महाल पुढे आला, जो वास्तविक चांदबिबीचा नाही, महालही नाही, तर निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. ही माहिती लेखकाने प्रत्येक बैठकीत दिली आणि प्रत्येक वेळी ती नवीन असल्यासारखी दिली. तेथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोन उडवण्याचा विचार लष्करी छावणीच्या गावात जितका टिकावा तितकाच टिकला. शेवटी रणगाडा संग्रहालयासाठी अर्ज लिहायला घेतला असता ढोलक्याने, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या मुलाने, तो हातात घेऊन मोठ्याने वाचला : “विषय : व्यवस्थेचा निषेध करणाऱ्या गीताच्या चित्रीकरणास व्यवस्थेची परवानगी मिळणेबाबत.” “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून,” येथपर्यंत वाचून झाल्यावर कोणालाच पुढे वाचता आले नाही. लेखक हसला नाही, कारण मसुदा त्याचा होता.

येथे मेहेराबादचा उल्लेख क्रमप्राप्त आहे. तो खरे तर कोठेच क्रमप्राप्त नसतो, तरीही प्रस्तुत लेखक तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा काढतो. नगरहून दौंडकडे जाताना अरणगावाजवळ मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्यात १८९४ साली जन्मलेल्या मेरवान शेहरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, यांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस वर्षे, पाळले. पूर्वी ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत, पुढे १९५४ साली पाटीही सोडून केवळ हातांच्या खुणांवर आले. या मौनी पुरुषाच्या जगभरच्या भक्तांत पीट टाउनशेंड हा इंग्लिश गिटारवादक होता. १९६४ साली हॅरो येथील एका हॉटेलाच्या बुटक्या छताला त्याच्या गिटारची मान लागून मोडली, श्रोते फिदीफिदी हसले, आणि संतापून त्याने उरलेल्या गिटारचाही चुराडा केला. तेव्हापासून मंचावर वाद्य फोडणे ही रॉक संगीतातील मान्य रीत झाली. त्याचा ‘द हू’ हा बँड ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर इतक्या जोरात वाजला की जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. हा मनुष्य १९७२ साली अरणगावच्या समाधीवर येऊन गेला. त्याच्या १९७१ च्या ‘बाबा ओरायली’ या गाण्याच्या नावातले बाबा ते हेच.

आता ज्या पंक पोरांनी आधीच्या पिढीचे सगळे देव मोडीत काढले, त्यांनी ‘द हू’ला मात्र हात लावला नाही, ‘सेक्स पिस्टल्स’ तर त्यांचे ‘सब्स्टिट्यूट’ हे गाणे स्वतःच्या कार्यक्रमांत वाजवीत. तेव्हा पंकचा काका टाउनशेंड, टाउनशेंडचे गुरू मेहेरबाबा आणि मेहेरबाबांचे गाव अरणगाव, या हिशेबाने पंकचे आजोळ नगर तालुक्यात येते, असा सिद्धान्त लेखकाने मांडला. शिवाय १९८८ साली बॉबी मॅकफेरिनच्या गाण्याने जगभर पोचवलेले ‘डोन्ट वरी, बी हॅप्पी’ हे वाक्यही मुळात बाबांच्या भक्तमंडळींच्या भिंतींवरचे, हे त्याने ओघात जोडले. मुलांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. बास गिटार वाजवणाऱ्याने मग विचारले, की एवढे सगळे आहे तर आपल्याला सरावाला जागा का मिळत नाही.

हा प्रश्न विनोदी नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येते, आणि मुंबईच्या रंगभवनसारखे रॉक मैफलींचे हक्काचे खुले नाट्यगृह याच शांतता क्षेत्राच्या कारणाने त्या मैफलींना मुकले. नियम चांगला आहे, तो पाळलाही जावा. परंतु सावेडीतील एका गच्चीवर संध्याकाळी पाच वाजता चार मुले ड्रमवर चादर टाकून वाजवीत असतात तेव्हा शेजारच्यांना जो नियम कलमासकट आठवतो, तोच नियम वरातीत आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे, ज्या भिंतीने घरातल्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि म्हातारी माणसे छाती धरून आतल्या खोलीत जातात, सगळ्यांच्या स्मरणातून एकजात उडतो. मोठ्या आवाजाला गावाची हरकत नसते. ज्याच्या मागे वर्गणी, फ्लेक्स आणि पुढारी नाही अशा आवाजाला असते. मुलांनी एक गाळा भाड्याने पाहिला होता. बँड म्हटल्यावर मालकाने लग्नातला समजून होकार दिला आणि गिटार पाहिल्यावर परत घेतला.

अखेरीस बासवाल्याच्या वडिलांनी राहुरी तालुक्यातील आपली कांदाचाळ दिली. कांदाचाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतींची लांबट साठवणूक. हवा खेळती राहून कांदा सडू नये म्हणून पट्ट्यांत फटी ठेवलेल्या असतात. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि दिवाळीच्या आगेमागे काढतात, त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये ती रिकामी होती. खाली गेल्या हंगामाच्या पापुद्र्यांचा घोट्याएवढा थर होता. पहिल्याच ठोक्याला तो हलला, आणि फटींतून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्यांतून ते तांबूस पापुद्रे संथपणे तरंगत खाली येऊ लागले. ज्या संथगतीसाठी गाण्याचा वेग दुप्पट करण्याचा घाट घातला होता ती येथे फुकट मिळत होती, आणि स्टोरीबोर्डमध्ये तिची एकही चौकट नव्हती.

लंडनच्या ‘द क्लॅश’ या बँडचे ‘लंडन कॉलिंग’ थेम्सच्या काठी चित्रित करताना दिग्दर्शक डॉन लेट्स याला नदीला भरती-ओहोटी असते हे ठाऊक नव्हते, त्यामुळे बोटीतला कॅमेरा बँडपासून कितीतरी खाली गेला, वर पाऊसही आला, आणि तेच चित्रीकरण पुढे नावाजले गेले, हे लेखकाने कॅमेऱ्यामागच्या मुलीला धीर देण्यासाठी सांगितले. तिला धीराची गरज नव्हती. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून केव्हाच शूट करू लागली होती.

वेशभूषेची जबाबदारी बासवाल्याच्या आईवर येऊन पडली. पंकमध्ये फाटके कपडे सेफ्टी पिनांनी जोडून घालण्याची रूढी आहे. पुण्याहून मागवलेले सामान आलेच नव्हते. माउलीने हातातल्या बांगड्यांना अडकवलेल्या पिना एकेक करून सोडवल्या, प्रत्येक पोराच्या जाकिटाला स्वतः लावल्या, टोक आत राहील असे पाहून बोटाने दाबल्या, आणि “हरवू नका रे, सणावाराला लागत्यात,” असे बजावले. शेवटची पीन तिने मंगळसूत्राच्या वाटीजवळून काढली. तिला गंज होता.

वडील बांधावर बसून ऐकत होते. गाणे इंग्रजीत होते. दोनदा ऐकून त्यांनी मुलाला अर्थ विचारला.

“सरकारला शिव्या हायेत, अप्पा.”

“मग मराठीत दे की. मलाबी म्हणता येतील.”

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती, ती ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. ऐन लाल कांद्याच्या हंगामात भाव कोसळले होते. अप्पांनी खिशातून बाजार समितीतली पट्टी काढली, म्हणजे विकलेल्या मालाचा आणि त्यातून झालेल्या कपातीचा जो कागद शेतकऱ्याच्या हाती पडतो तो, आणि लिलाववाल्याच्या वेगाने वाचून दाखवला : हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे, आणि सगळ्यांत खाली उरलेली रक्कम, जी त्यांनी वाचली नाही. ढोलक्याने त्या कपातींवर काठ्या धरल्या. गायकाने “हमाली, तोलाई, वाराई” हे तीन शब्द ओरडून पाहिले; तिसऱ्या कॉर्डची उणीव त्यात कोणाच्या लक्षात आली नाही. लेखकाने या वेळी ‘कट’ म्हणण्यासाठी हात वर केला होता, कारण उजेड त्याला हवा तसा नव्हता. कोणीही त्याच्याकडे पाहिले नाही आणि घेण्यासारखा शॉट तोच ठरला.

संकलन मुलांनी केले. लेखकाने श्रेयनामावलीसाठी ‘संकल्पना, दृश्यविचार, दिग्दर्शन व समग्र मार्गदर्शन’ असा मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता, परंतु तो पडद्यावर वाचता येण्याइतका वेळ ठेवल्यास गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर येतो, असे तांत्रिक कारण दाखवण्यात आले. त्याचे नाव सध्या ‘विशेष आभार’ या सदरात, जनरेटरवाल्याच्या खाली आणि चहावाल्याच्या वर आहे. दिग्दर्शन कॅमेऱ्यामागच्या मुलीच्या नावावर आहे, गीतलेखनात अप्पांचे नाव पहिले आहे, आणि दोन्ही नोंदी बरोबर आहेत.

सरावाच्या जागेचा प्रश्न तसाच आहे. केडगाव, भिंगार किंवा सावेडीकडे कोणाचे पडीक गोदाम किंवा शटरचा रिकामा गाळा असेल, तर त्यांनी तो आठवड्यातून दोन संध्याकाळी या मुलांना द्यावा. ती रात्री आठला आवरतात, ड्रम स्वतः आणतात, आणि भाडे, थोडे उशिरा का होईना, देतात.