हर्रासातले महाराज

वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या अनसिंगपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. त्यामुळे आमच्याकडे तो कॅलेंडरवरच पाहायचा असतो, आणि त्या वर्षी कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर ट्रॅक्टर आला तर तोही योग हुकतो.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात बोली चार हजारांच्या आसपास. घरात बसून पोत्यांकडे पाहण्यापेक्षा कोकणात जाऊन समुद्राकडे पाहावं, असा ठराव पारावर मंजूर झाला. पाटील, गुरुजी, महाराज आणि मी. गाडी पाटलांची, म्हणून चालवणारेही तेच. गुरुजी निवृत्त, म्हणजे शिकवायला आता वर्ग नाही, आम्ही आहोत. महाराज माळकरी. कीर्तन करत नाहीत, पण बोलायला लागले की पुढच्याला टाळ घेऊन उभं राहावंसं वाटतं.

सामानात रोडग्यांसाठी रवाळ दळलेली कणीक, वांगी, तुपाचा डबा आणि पोतंभर गोवऱ्या.

‘‘गोवऱ्या कायले?’’ मी विचारलं.

‘‘तिकडं भेटतीन याचा भरोसा काय?’’ पाटील म्हणाले. बायकोनं स्वेटर दिलं होतं ते मात्र त्यांनी घरीच ठेवलं. जागा नव्हती.

मालेगावला (नाशिकचं नव्हे, आमचं) समृद्धी महामार्गावर चढलो. गाड्या झुईझुई करत निघून जात होत्या आणि पाटील सत्तरच्या वर जायला तयार नव्हते. ‘‘एवढा टोल भरणार आहो, तं रस्ता जरा सावकाश वापरू दे ना लेका!’’ पुढे नगर, पुणे, मुळशी करत ताम्हिणी घाटात शिरलो. आमच्याकडे वळण आलं की माणूस गाव आलं असं समजतो. इथे वळणं संपेनात आणि गाव येईना. गुरुजींनी डोळे मिटून सह्याद्रीची निर्मिती सांगितली.

हरिहरेश्वराचं दर्शन झालं आणि तिथेच समुद्रही दिसला. सगळे थोडा वेळ गप्प राहिले. मग पाटील म्हणाले, ‘‘पाणी लय आहे, पण मोटार लावून फायदा नाही.’’ त्यांनी एक लाट बोटांवर घेऊन चाखली, थुंकली आणि हवेत हात फिरवला. ‘‘ही हवा पाह्य. इथं सोयाबीन वाळू घातलं तं बारा टक्के ओलावा जन्मात येत नाही. खरेदी केंद्रावाले पोतं आतही घेणार नाहीत.’’

बागमांडल्याहून वेसवीला बाणकोटची खाडी ओलांडायची तर गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. आम्ही उतरून कठड्याशी गेलो. पाटील उतरले नाहीत. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, वर ब्रेकवर उजवा पाय दाबून ते पैलतीरापर्यंत बसून राहिले. बोटीवरच्या पोरानं काच वाजवून सांगितलं, ‘‘काका, बोट आम्ही चालवतोय.’’ ‘‘तू बोट सांभाळ, मी गाडी सांभाळतो,’’ पाटील म्हणाले.

मुक्काम मुरूडला, दापोलीच्या. घरमालकांनी विचारलं, ‘‘वाशीहून आलात का?’’ वाशी नव्हे, वाशिम, हे सांगायला गुरुजी सरसावले. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, पुढे अकोला जिल्हा, मग १९९८ साली स्वतंत्र जिल्हा. मालक शांतपणे ऐकत होते. कोकणी माणूस ऐकतो तेव्हा पटलं की कंटाळला, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. शेवटी ते म्हणाले, ‘‘असं होय! मग रात्री जेवायला मासे की शाकाहारी?’’ तेवढ्यात पाटलांनी गोवऱ्यांचं पोतं उतरवलं. मालकांनी त्यात डोकावून पाहिलं आणि ‘‘तुमचं तुम्हीच करणार म्हणता?’’ एवढंच विचारलं. त्या रात्री नारळीच्या बुंध्याशी रोडगे भाजले. मालकांनी चार खाल्ले आणि उरलेल्या गोवऱ्या ठेवून घेतल्या.

दुसऱ्या संध्याकाळी हर्णै बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांचं आरमार, १७५५ साली इंग्रजांनी घेतलेला किल्ला, असं गुरुजींचं सुरू झालं, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. कारण समुद्रात बैलगाडी होती. खरोखरची, दोन बैलांची! होड्या बाहेर नांगरलेल्या आणि मासळी किनाऱ्यावर आणायला गाड्या थेट पाण्यात शिरलेल्या. बैलांच्या पोटापर्यंत लाटा. पाटील चपला हातात घेऊन धावले. किल्ला नाही, सूर्यास्त नाही. बैल बाहेर येताच ते वाळूत उकिडवे बसले आणि खुरं पाहू लागले. ‘‘खाऱ्या पाण्यानं खुरं नाही खराब होत? पोळ्याले काय करता यांचं?’’ गाडीवान हसला आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून पुन्हा पाण्याकडे वळला. पाटील लगेच त्याच्या मागे, गुडघाभर पाण्यात. आयुष्यातलं पहिलं समुद्रस्नान त्यांनी असं, बैलांशी बोलत केलं.

इकडे वाळूवर लिलाव सुरू झाला होता. आमच्याकडे त्याला हर्रास म्हणतात, आणि बाजार समितीतला हर्रास बघत महाराजांचा जन्म गेलेला. बोली कानावर पडली आणि माळ विसरून ते गर्दीच्या पहिल्या रांगेत. बांगड्यांचा ढीग, भोवती बायका, भराभर चढणारे आकडे. खांद्यावरचा दुपट्टा सरकला म्हणून महाराजांनी हात वर केला.

बोली तिथेच थांबली.

‘‘घ्या काका, तुमचा झाला,’’ लिलाव पुकारणारी मावशी म्हणाली.

‘‘माह्या गळ्यात माळ आहे माय!’’

‘‘माळ आहे तर हात कशाला वर?’’

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. महाराजांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही सुवर्णदुर्गाकडे. मग मावशीलाच दया आली. तिनं पुन्हा पुकारा केला. तोवर उशिरा आलेला एक व्यापारी घाईत होता. ढीग पन्नास रुपये जास्तीनं गेला. मावशीनं हिशोब केला आणि पन्नासाची ओली नोट महाराजांच्या हातात कोंबली.

‘‘हे कायचे?’’

‘‘तुमचा माल, तुमचा फायदा.’’

महाराज नोट दोन बोटांत धरून उभे. खिशात ठेवावी तर शेजारी हरिपाठ. गुरुजी म्हणाले, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या पेटीत टाका. एवढ्यात पाटील कमरेपर्यंत ओले होऊन आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नोट घेतली, उलटीपालटी करून उजेडात धरली.

‘‘बी नाही, खत नाही, फवारा नाही, काट्यावर कटौती नाही. महाराज, सोयाबीन राहू द्या घरी. उद्या पुन्हा हात वर करा!’’