परण्यातला मारिओ : परीक्षणाची पद्धत

व्हिडिओ गेममधली एखादी चाल उचलायची, तिच्याखाली नाचता येईल असा इलेक्ट्रॉनिक ठेका घालायचा आणि मधूनमधून सायरन वाजवायचा, म्हणजे गेमसंगीताचा डान्स रिमिक्स तयार होतो. जालना जिल्ह्यात तो ऐकण्याचे मुख्य ठिकाण परण्या, म्हणजे मारुतीच्या पारापासून मंडपापर्यंत निघणारी नवरदेवाची मिरवणूक. ‘ते गेमवालं लाव’ एवढी फर्माईश केली की ऑपरेटर पेनड्राइव्ह बदलतो. मग जे वाजते ते चांगले की वाईट, हे ठरवण्याची पद्धत पुढे दिली आहे.

परदेशात हे काम हेडफोन लावून चालते. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’ या उपक्रमात रचना परीक्षकांपुढे जाते. मूळ चाल ओळखू येते का, मांडणीत स्वतःचे काही केले आहे का, ध्वनी स्वच्छ आहे का, हे पाहून ते कौल देतात. परण्यातले परीक्षक रस्त्यावर असतात, रुमालाचे टोक त्यांच्या दातांत असते आणि त्यांतला निम्मा वर्ग नागीण झालेला असतो. म्हणून निकष तेच ठेवले तरी ते तपासण्याची रीत बदलावी लागते.

परीक्षणाआधी मूळ मालाची माहिती हवी. १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या. दोन चालीसाठी, एक खर्जासाठी, एक फुसफुशीसाठी आणि एक आधी मुद्रित केलेल्या बारीकसारीक आवाजांसाठी. नव्वदच्या दशकात या यंत्राच्या नकला भारतात घरोघर आल्या. सोबत ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट असे. तिच्यात खेळ मोजकेच आणि बाकीची त्यांचीच पुनरुक्ती. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, हा उपाय शहरात आणि खेड्यात एकच होता. या यंत्रासाठी कोजी कोंदो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत केले. तो अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज व्हॉट्सॲपवर येणारी लग्नपत्रिका त्याहून जड असते. एवढ्या जागेत लांबलचक संगीत मावणे शक्य नव्हते. म्हणून छोटी चाल रचायची आणि ती फिरत ठेवायची.

फिरत ठेवण्याचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. खेळणारा कधी मरेल हे संगीतकाराला माहीत नसते. तो पहिल्याच खड्ड्यात पडेल, किंवा नाण्यांच्या लोभाने तिथेच घोटाळत बसेल. संगीताला दोन्ही शक्यतांची तयारी ठेवावी लागते. परण्याची अडचण हुबेहूब हीच आहे. पार ते मंडप अंतर चारशे पावलांचे, पण त्याला किती वेळ लागेल हे भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो. त्या वेळी नवरदेव घोड्यावर, घोडा सावलीत आणि नवरदेवाचे मित्र रस्त्यात आडवे असतात. किती वेळ वाजवायचे हे ठाऊक नसताना वाजवत राहणे, हा दोन्ही संगीतांचा धर्म आहे. म्हणूनच जपानी खेळाची चाल घनसावंगीच्या रस्त्यावर परकी वाटत नाही. परीक्षणाचे सगळे निकष याच मुद्द्यावरून निघतात.

पहिला निकष ओळखीचा. त्याला ३० गुण. चाल ओळखू आली पाहिजे, पण कोणाला, हे आधी ठरवावे लागते. नवरदेवाच्या मामाची पिढी ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ची. शहरात शाळा बुडवून पार्लरमध्ये नाणी घातलेली मंडळी ‘मुस्तफा’ची. या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, तो कॅपकॉमने १९९३ साली काढला. भारतात तो त्यातल्या एका पात्राच्या नावाने चालला. नवरदेव स्वतः ‘पबजी’चा. त्या खेळाची मूळ धून टॉम साल्टा यांची; २ सप्टेंबर २०२० रोजी खेळावर बंदी आली, धून मात्र डीजेवर वाजत राहिली. भाचेमंडळी ‘फ्री फायर’ची. त्या खेळात तर आलोक नावाचा डीजेच लढाईत उतरतो. नावावरून तो परतूरकडचा वाटला तरी माणूस ब्राझीलचा आहे आणि खराखुरा डीजे आहे.

तपासणी अशी करावी. चाल सुरू झाल्यावर मामाकडे पाहावे. भुवई वर गेली तर १० गुण. त्याने शेजारच्या पाहुण्याला कोपर मारले तर २०. बेसची जुळवाजुळव न पाहता ‘अरे, हे तर आपलं…’ म्हणत तो रिंगणात शिरला तर पूर्ण ३०. मामाने ‘हे कोणत्या पिक्चरचं?’ असे विचारले तर शून्य द्यावा आणि पुढच्या निकषाकडे वळावे.

ओळखीच्या बाबतीत ‘टेट्रिस’ हे अवघड प्रकरण आहे. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली केलेल्या या खेळाला १९८९ च्या गेम बॉय यंत्रावर जी चाल मिळाली, ती रशियातले जुने फेरीवाल्याचे लोकगीत होते. ब्रिटनमध्ये १९९२ साली ‘डॉक्टर स्पिन’ या नावाने तिचा डान्स रिमिक्स निघाला आणि विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. त्यामागे नायजेल राइट यांच्याबरोबर अँड्र्यू लॉइड वेबर होते. संगीतनाटकांचे इतके मोठे नावही या मोहातून सुटले नाही. म्हणजे परण्यात जे वाजते ते लोकगीताच्या गेमरूपाचे नाचरूप असते. अशा ठिकाणी ‘मूळ’ कोणते यावर वाद घालू नये. ऐकणारा जे मूळ समजतो ते मूळ. फेरीवाल्याचे गाणे व्यापारी जालन्यात उपरे ठरण्याचे तसेही कारण नाही.

दुसरा निकष ठेक्याचा. त्याला २० गुण. या नाचसंगीताचा प्रचलित वेग मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचा असतो आणि ठोके चार-चारच्या सरळ हिशेबात पडतात. मराठवाड्यातले पाय मात्र हलगी आणि संबळावर घडलेले असतात. त्यामुळे इथला रिमिक्सवाला तयार ठेक्यावर हलगी चढवतो आणि फाइलच्या नावात ‘हलगी मिक्स’ असे लिहितो. ‘मारिओ’च्या चालीत सूर ठोक्यांच्या अधेमधे पडतात, म्हणून ती हलगीशी लगेच जमते. ‘टेट्रिस’ची चाल बहुतेक ठोक्यावरच पाय देत चालते, तिच्यावर लेझीम बरी दिसते. ‘पबजी’ची धून छाती फुगवून हळूहळू चढणारी आहे. तिचा वेग नुसता वाढवला तर लढाईला निघालेला माणूस बस पकडायला पळाल्यासारखा वाटतो. ठेका जमला की नाही हे तरुणांकडे पाहून ठरवू नये. ते जनरेटरच्या आवाजावरही नाचतात. कडेला पिशवी सांभाळत उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या चपलेकडे पाहावे. ती हलत असेल तर गुण द्यावेत.

तिसरा निकष बेस आणि ड्रॉप यांचा. त्याला २५ गुण. जुन्या गेमचा खर्ज टीव्हीच्या स्पीकरमधून येई, म्हणजे जवळजवळ येतच नसे. रिमिक्सवाल्याला तळमजला नव्याने बांधावा लागतो. हे बांधकाम वाहून नेण्यासाठी ट्रक लागतो. त्यावर खाली ‘बेस’, वर ‘टॉप’, मागे जनरेटर, टपावर विजेच्या तारा बांबूने उचलणारा पोरगा आणि लॅपटॉपवर ओला टॉवेल धरून बसलेला ऑपरेटर. मे महिन्यातल्या जालन्यात तो टॉवेल हा साउंड सिस्टिमचाच भाग मानावा.

ड्रॉप म्हणजे आवाज चढवत नेऊन क्षणभर तोडायचा आणि मग सगळा बेस एकदम सोडायचा. परीक्षकाने त्या तुटलेल्या क्षणाकडे लक्ष द्यावे. फार छोटा असेल तर कोणाला कळत नाही. फार मोठा असेल तर त्यात जनरेटरची घरघर ऐकू येते, पाठोपाठ ‘झालं का एकदाचं?’ हा आजोबांचा प्रश्न ऐकू येतो, आणि त्यावर कोणी खरेच उत्तर देऊ लागतो. बेस सुटल्यावर गल्लीतले पत्रे वाजले तर तो जोर; पत्र्यांचा आवाज गाण्यापेक्षा वर आला तर तो अतिरेक.

इथेच खरखरीचाही निवाडा करावा. जुन्या यंत्राची फुसफुसणारी वाट आणि स्पीकरचा फाटलेला कोन यांचा आवाज सारखाच येतो. शंका आल्यास पुढचे गाणे लागेपर्यंत थांबावे. विठ्ठलाच्या अभंगातही खरखर राहिली तर ती कोनची. तिचे गुण रिमिक्सवाल्याचे कापू नयेत, डीजेमालकाच्या बिलातून कापावेत.

चौथा निकष ललकारीचा. त्याला ५ गुण. चोरी होऊ नये म्हणून रिमिक्स करणारा चालीच्या मधेच आपले नाव इंग्रजीत घुमवतो. चोरणारा ते पुसत नाही, त्याच्यावर आपले घालतो. त्यामुळे मारिओने एक उडी मारेपर्यंत तीन डीजेंचा परिचय होतो. एक नाव असल्यास ५ गुण, दोन असल्यास २, तीन असल्यास वंशावळ म्हणून नोंद करावी.

कायद्याचे गुण वेगळे ठेवलेले नाहीत, पण परीक्षकाला माहिती असावी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात संगीत वाजवण्याला सूट आहे, आणि लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरले आहेत. सूट वाजवण्यापुरती आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मात्र पाहुण्यांनाही लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ चालतात. पण जालन्याच्या पोलाद कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा घरी झोपलेल्या कामगाराच्या खिडकीखाली हा युक्तिवाद करून पाहू नये.

पाचवा आणि शेवटचा निकष थांबण्याचा. त्याला २० गुण. गेमच्या चालीला शेवट नसतो, तो रिमिक्सवाल्याने शोधायचा असतो. ‘मारिओ’त आयत्या धुना दोन आहेत. टप्पा पार केल्याची चढती धून आणि जीव गेल्याची घसरती धून. दुसरी जास्त प्रसिद्ध असल्याने अनेकजण तीच शेवटी लावतात. परिणामी नवरदेव मंडपाच्या दारात पाऊल टाकतो आणि मारिओ मरतो. आजीला कळत नाही म्हणून निभावते. मामाला कळते आणि तो पंगतीपर्यंत हसत राहतो. अशा रिमिक्सला शून्य द्यावा. टप्प्याची धून लावून मंगलाष्टकांआधी जो गप्प होतो त्याला पूर्ण गुण.

या निकषाला जालना जिल्ह्यात जादा वजन असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब इथे १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरा सांगते. त्या वेळी दारात डीजे असता तर शब्द ऐकू आला नसता आणि दासबोधही झाला नसता. भटजींचे ‘सावधान’ नवरदेवाच्या कानापर्यंत पोचलेच पाहिजे; त्यावर काय करायचे हा त्याचा प्रश्न.

गुणांची बेरीज १०० पैकी करावी. ३५ ला उत्तीर्ण. दोन रिमिक्सना समान गुण पडले तर जे आधी थांबले ते श्रेष्ठ समजावे.