दुसरा रिमोट

भोसरी-चाकणच्या कारखान्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला फाइव्ह-एस समजावून सांगावं लागत नाही. जी वस्तू बरेच दिवस वापरात नाही तिला लाल टॅग लावा, जागा मोकळी करा, हा त्यातला पहिला धडा. शॉपफ्लोअरवर या बाबतीत तो कोणाचं ऐकत नाही. घरी मात्र टीव्हीखालच्या कप्प्यात प्लेस्टेशन असतं, प्लेस्टेशनवर क्रोशाचा रुमाल असतो, रुमालावर फुलदाणी असते, आणि तिथे लाल टॅग लावायची त्याची प्राज्ञा नसते. बायको विचारते, "हे विकायचं का?" तो म्हणतो, "अगं, खेळतो ना मी!" शेवटचं कधी खेळला, ते मात्र विचारायचं नाही. गंमत अशी, की नको ते काढून टाकायला आपल्याला जपान्यांनी शिकवलं आणि हा डबाही जपान्यांनीच विकला.

हौसेनं व्हिडिओ गेम घेणारे पुढे जन्माचे खेळाडू होतात का, हा प्रश्न खुद्द जपान्यांनाही पडून गेलाय. निन्टेन्डोनं 2006 साली 'वी' नावाचं यंत्र काढलं. रिमोट हातात धरून नुसता हात फिरवायचा, की पडद्यावर टेनिस, बोलिंग सुरू. कधी गेमला हात न लावलेल्या आजी-आजोबांनीही ते खेळून पाहिलं. दहा कोटींवर यंत्रं खपली. मग 2012 मध्ये त्याचा पुढचा अवतार आला, 'वी यू', आणि तो जेमतेम एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास येऊन थांबला. नव्या यंत्राचं नाव आणि उपयोग लोकांना नीट कळला नाही, हे एक कारण. दुसरं असं, की तोवर लोकांच्या हातात फोन आला होता. आजींना बोलिंग हवं होतं, गेमिंग नको होतं. त्यांची हौस फिटली होती.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेला व्हिडिओ गेम हा निन्टेन्डोच्याच 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल. पिवळ्या कॅसेटला फुंकर मारायची, खोचायची, आणि कॉन्ट्रा, मारिओ नाहीतर रणगाड्यांची बॅटल सिटी. त्या डब्याची एक गोष्ट आता फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही: त्याच्याबरोबर रिमोट दोन यायचे. मूळ फॅमिकॉममध्येच तशी सोय होती. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं, त्यामुळे तो आपसूक धाकट्या भावाच्या वाट्याला जायचा. गेम सुरू करायचा अधिकार नसला, तरी खेळायचा होता. दुसरं माणूस असणारच, हे डबा बनवणाऱ्यानं गृहीत धरलं होतं.

भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला पीएस5 आला. डिस्कवाल्याची तेव्हाची किंमत 49,990 रुपये, आणि खोक्यात रिमोट एक. सोबती इंटरनेटवर शोधायचा. आता सोबती सापडेलही, पण तो सेकंड शिफ्टला असतो. तो फर्स्टला आला, की आपली नाईट लागते. बरं, पोराबरोबर खेळावं म्हटलं, तर आपल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. गुरुवारी बाप एकटाच पडद्यासमोर बसतो, दोन मॅच हरतो आणि डुलकी काढतो. रविवारी पोरगा एकटा खेळतो, तेव्हा बाप लाइनवर असतो. एका घरात एका यंत्राचे दोन मालक, आणि गाठ पडत नाही.

टिकून खेळणारे मला दिसले ते मोशी-चिखलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत. लातूर, बीड, नांदेडहून आलेली चार ट्रेनी पोरं, वर्गणी काढून घेतलेलं सेकंडहँड मशीन, एकच फुटबॉलचा गेम, आणि हरेल त्यानं भांडी घासायची हा नियम. एक शिफ्टला निघाला, की दुसरा रिमोट उचलतो. वर्षानुवर्षं तोच गेम चालतो, कारण त्यातला प्रतिस्पर्धी रोज खुन्नस घेऊन समोर बसतो. नवा गेम विकत घेत नाहीत म्हणून कंपनीच्या हिशेबात ही पोरं बसत नसतील. माझ्या हिशेबात खरे खेळाडू तेच. पुढे एकेकाचं लग्न ठरतं, खोली मोडते, मशीन ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या टीव्हीखाली जातं. बायको रुमाल विणते.

तेव्हा उत्तर सरळ आहे. यंत्र कोणालाच खेळाडू करत नाही. समोर बसणारा माणूस करतो, आणि तो गेला की खेळ जातो. यंदा बोनस झाल्यावर पिंपरी कॅम्पात दुकानासमोर उभे राहिलात, तर आधी दुसऱ्या रिमोटची किंमत विचारा. दोन्ही बजेटात बसत नसतील, तर मशीन जुनं घ्या, पण रिमोट दोन घ्या. आणि महिन्यातून एखादी रजा रविवारी टाका.